मोठ्या कंपनीत लागलात? अभिनंदन!

आयटीआय झाला, चाकणला मोठ्या कंपनीत लागलात, म्हणजे गावात पेढे वाटून झालेच असतील. आता चार हिताच्या गोष्टी ऐका.

मोठ्या कंपनीचे फायदे खरे असतात, त्यावर शंका घेऊ नका. एसी बस, कॅन्टीनला गुरुवारी गोड, दिवाळीला बोनस, दर तीन-चार वर्षांनी युनियनचा पगारवाढीचा करार आणि करार झाला की गेटवर गुलाल. हे सगळं परमनंट कामगाराला मिळतं आणि तुम्ही ठेकेदारामार्फत लागलेले, म्हणून तुम्हाला ते अगदी जवळून बघायला मिळतं. लाइनवर गाडीचं उजवं चाक तो बसवतो, डावं तुम्ही. दोघांच्या टॉर्क रेंचचा, म्हणजे बोल्ट आवळायच्या पान्याचा, 'टक' आवाज सारखाच येतो. पगारात काही पटींचा फरक आहे, पण गाडी त्यामुळे एका बाजूला ओढत नाही. यालाच क्वालिटी म्हणतात.

कंपनीला तुमच्या तब्येतीचीही काळजी असते. वर्षात 240 दिवस भरले की कायदा तुमची नोकरी सलग धरतो. मग काढायचं म्हटलं तर नोटीस आली, भरपाई आली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनचं हे दुखणं. तुम्हाला त्याचा त्रास नको म्हणून सातव्या महिन्यातच नोकरीला ब्रेक मिळतो. पुढे दुसरा ठेकेदार, दुसरं टोकन आणि नशीब असेल तर तेच डावं चाक. नसेल तर रांजणगाव आहे, वाळूज आहे. महाराष्ट्र बघून होतो.

कंपनीत शिकायला भरपूर मिळतं. फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, तिच्या ट्रेनिंगमध्ये नको असलेल्या वस्तूला लाल टॅग लावून बाजूला काढायला शिकवतात. ब्रेकच्या दिवशी तुम्हाला टॅग लावत नाहीत, तेवढी माणुसकी शिल्लक आहे.

कायझेन, म्हणजे काम सुधारायची सूचना, मात्र जपून द्या. बोल्टचा ट्रे डावीकडून उजवीकडे घेतला तर चार सेकंद वाचतात, असं तुम्ही उत्साहानं फॉर्मवर लिहाल. नोटीस बोर्डावर फोटो लागेल, टाळ्या पडतील, स्टीलचा डबा मिळेल. पुढच्या महिन्यात तुमच्याच स्टेशनचा सायकल टाइम, म्हणजे एका गाडीमागे मिळणारा वेळ, चार सेकंदांनी कमी होईल आणि लघवीला जायचं तर तुमच्या जागी उभ्या राहणाऱ्या रिलीव्हरच्या हातापाया पडावं लागेल. शेजारचे जुने काका बघा. दर वेळी फॉर्मवर 'लाइनवर पंखा बसवावा' एवढंच लिहितात. पंखा काही बसलेला नाही, डबाही मिळालेला नाही, पण त्यांच्या सेकंदाला आजवर कुणी हात लावलेला नाही. खरं ट्रेनिंग त्यांच्याकडून घ्या.

थर्ड शिफ्टबद्दल काय बोलायचं? झोप दिवसाही येते, फक्त घरमालकाच्या पोरांना हे माहीत नसतं.

राहता राहिलं लग्न. बायोडाटात कंपनीचं नाव ठळक टाका, ठेकेदाराचं टाकायची गरज नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर कंपनीचा लोगो असतोच, फोटोत तो दिसू द्या. मुलीच्या वडिलांना तेवढ्यानं समाधान वाटेल. घोळ मामाचा असतो. तो भोसरीत कामाला असला तर पगार विचारणारच नाही. चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारेल, "पीएफ कुणाच्या नावानं भरला जातो, पावणं?" अशा वेळी पोह्यांची तारीफ सुरू करावी.