शनिवारचे तेली

आमच्या घरी सोमवारी तेलाच्या घाणीला बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, म्हणून नंदीला सुटी. कोणी टोपलंभर जवस घेऊन आलंच तर आजोबा ओसरीवरूनच सांगायचे, "उद्या ये बाप्पा." हे मी आजीकडून ऐकलेलं. मी कळता झालो तोवर घाणी बंद पडून वर्षं झाली होती, आणि अंगणातल्या तिच्या लाकडी उखळात आमची कोंबडी अंडी घालायची.

तर राजेहो, २००४ साली राळेगाव तालुक्यातला मी पोट्टा, डी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून थेट रायगड जिल्ह्यात जाऊन पडलो. महिना तीन हजार मानधन. आमच्याकडच्या किती तरी पोरांची हीच गोष्ट, कारण जागा तिकडे निघायच्या. पाऊस असा की भिंतीवरच्या नकाशाला बुरशी यायची. गावात मला सगळे 'घाटावरचे गुरुजी' म्हणत. घाट चढल्यावर आणखी सहाशे किलोमीटर गेलं की आमचं गाव येतं, हे सांगून सांगून थकलो आणि सोडून दिलं.

चहाच्या टपरीवर एकदा जातीची चौकशी निघाली. (निघतेच. नव्या मास्तरची तर पहिल्याच महिन्यात.) मी म्हटलं, तेली. बाकावरचा म्हातारा म्हणाला, "सोमवार तेली का शनवार तेली?" मला वाटलं फिरकी घेतोय. माझ्या डोक्यात आजीचा सोमवार आला आणि मी म्हणून गेलो, "सोमवार." म्हातारा खूश. "शनवारवाले गेले सगळे. ती बघा त्यांची मशीद."

मशीद म्हणून मी मिनार शोधत राहिलो. दिसलं ते कौलारू, चुन्याच्या भिंतींचं, दोन मजली घरासारखं काहीतरी, फाटकावर सहा टोकांची चांदणी. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी घाणी बंद, म्हणून ते शनवार तेली. मुंबईतली त्यांची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दल त्यांनी ती बांधली असं सांगतात, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असंही. आयुष्यभर त्या स्टेशनवर उतरणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या गावच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. "भारताने ज्यूंना दोन हजार वर्षे आसरा दिला, एकालाही त्रास दिला नाही." खाली झेंडे, हात जोडलेले. लगेच दुसऱ्या बाजूच्याने इस्रायलच्या युद्धाचा व्हिडिओ टाकला आणि रात्रभर जुंपली. दोन्ही बाजूंना त्या टपरीसमोरच्या मशिदीशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण मला खुपला तो 'आसरा' हा शब्द.

आसरा पाहुण्याला देतात. आमच्या वर्ध्याकडेही ज्यू पाहुणे येऊन गेलेत. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग मित्र हर्मान कालेनबाख १९३९ मध्ये सेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, मुक्कामाला होते. ते पाहुणे. पण ज्याचं आडनाव किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर आहे, त्याला आसरा कोणी द्यायचा? तो ज्या गावाचा, ते गावच त्याच्या नावात आहे. सिनेमातले डेव्हिड तुम्हाला आठवत असतील, ते गोलमटोल, टकले, प्रेमळ काका. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे रेवदंड्याला लागून असलेलं चौल.

त्यांची स्वतःची कथा अशी की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. कधी फुटलं यावर विद्वानांचं एकमत नाही आणि मला त्यात पडायचंही नाही. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. उरलं एवढंच: 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले-पंख असलेलीच मासळी, आणि शनिवारी घाणी बंद. पुढे दावीद राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने त्यांना ओळखलं ते मासळीवरून, असं सांगतात. त्याने बायांसमोर सगळ्या जातीची मासळी टाकली, बायांनी खवले-पंखवाली तेवढी वेचली.

ही गोष्ट मला त्या टपरीच्या गावातल्या एका बेने इस्राएल आजींनी सांगितली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं त्यांचं एकच घर उरलं होतं, नाव लिहिलं की लोक मोबाईल घेऊन पोचतात. किल्ली आजींकडे. मी शाळेतली पोरं घेऊन जायचो, परिसर अभ्यासाच्या नावाखाली. आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, त्याला त्या तेबा म्हणायच्या. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. यरुशलेम इथून पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. वर बायकांची माडी. एक खुर्ची होती तिच्यावर कोणी बसायचं नाही, ती एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताची. आमच्या पोरांपैकी एक नेमका तिच्यावर जाऊन बसला. आजी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बसू दे गुरुजी, बऱ्याच दिवसांत कोण बसलं नाय."

मला मात्र खरी मजा आली ती त्यांच्या सणांच्या नावांत. जगभरचे ज्यू योम किप्पूर म्हणतात, उपासाचा, पापक्षालनाचा मोठा दिवस. आजींच्या घराण्यात तो दारफळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, कोणाला भेटायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे त्यांची होळी, आणि मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस बिरड्याचा, कारण त्या दिवशी केळीच्या पानावर बिरडं. यरुशलेमचं मंदिर पडल्याचं दुःख कोकणात वालाच्या बिरड्याने पाळलं जात होतं! नवस फेडायला मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. लग्नात हळद, मेंदी, मंगळसूत्र. एकोणिसाव्या शतकात तर त्यांच्या धर्मग्रंथातल्या मोशे-योसेफाच्या कथांवर मराठीतून कीर्तनंही रंगत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या, म्हणजे पासओव्हर सणाच्या, पोथीत हिब्रूसोबत मराठी आहे, आणि भाकरी करणाऱ्या बायांचं चित्र आहे, साड्या नेसलेल्या.

आता सांगा, याला आसरा म्हणायचं?

गोडगोड करून सांगायचं नाही म्हणून हेही सांगतो. आपली जातही त्यांना लागलीच. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन थर, बाहेरच्या जातीतल्या बाईपासून झालेली प्रजा ती काळी, आणि दोघांत बेटीव्यवहार नाही. आजींना मी हे विचारलं तर त्यांनी विषय बदलला. आमच्याकडेही असे विषय असेच बदलतात.

आणि गेले कसे? 'इस्रायल झालं आणि गेले' हे अर्धंच खरं आहे. गाव सुटायला सुरुवात झाली ती शे-दीडशे वर्षं आधीच. कंपनी सरकारच्या पलटणीत, मग रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत बेने इस्राएल भरती झाले. कारण तेच, पगार. घाणीवर ते कुठं मिळणार? गावोगावच्या मशिदी उभ्या राहिल्या त्याही याच काळातल्या: रेवदंड्याची १८४२, अलिबागची १८४८, पनवेलची १८४९. म्हणजे शतकानुशतकं देऊळ नव्हतं तेव्हा माणसं होती, शनिवार होता. इमारत आली तोवर गावातली कर्ती माणसं मुंबईची वाट धरू लागली होती. मग १९४८ नंतर दुसरा टप्पा. तेव्हा देशात बेने इस्राएल वीसेक हजार असावेत. आता सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात.

तिकडे तरी ओवाळून घेतलं का? १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने फतवा काढला की, बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांचं ज्यूपण तपासा. खवले-पंखांची परीक्षा पुन्हा एकदा, आणि या वेळी घरच्यांनीच घेतलेली. लोकांनी धरणं धरलं, संप केला, तेव्हा १९६४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. तरी तिकडे मराठी टिकवली त्यांनी. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघू लागलं. आजींची बहीण इस्रायलातल्या अश्दोदहून फोन करायची तेव्हा पहिला प्रश्न, "पाऊस पडला का गं?"

शेजाऱ्यांनी छळलं नाही, हे बहुतांशी खरं आहे आणि चांगलंच आहे. पण त्याचं पदक गळ्यात घालून फिरणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: शेजारी गेला तेव्हा गावाला काय वाटलं? तिथल्या म्हाताऱ्यांना मी पुष्कळ विचारलं. भांडण नव्हतं, सगळं चांगलं होतं, गेले. घरं कोणी घेतली ते बरोब्बर पाठ होतं, माणसांची नावं निम्मी विसरली होती. आळीचं नाव अजून इस्राएल आळी. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा मी ती बातमी आजींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण दहा कुठून आणू?"

दहाचा हिशोब असा. दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही, ग्रंथ वाचता येत नाही. नऊ असले तर नाही. सणाला मुंबई-ठाण्याहून नातलग आले तर दहा भरायचे, नाहीतर आजी एकट्याच जाऊन दिवा लावून यायच्या. बाई असल्यामुळे त्या दहांत त्यांची गिनतीच नाही. किल्ली त्यांच्याकडे, झाडलोट त्यांची, तेल त्यांचं, आणि मोजणीत त्या शून्य. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. त्यांना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा मला सांगायचं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "आजी, दिव्याला तेल कुठलं?" म्हणाल्या, "दुकानातलं. पिशवीतलं." मी म्हटलं, आमच्याकडे पण तेच. दोन तेल्यांची घरं, दोघांकडेही पिशवीचं तेल. खूप हसल्या त्या.

२०१८ ला आंतरजिल्हा बदलीत माझा नंबर लागला आणि मी घरी आलो. चौदा वर्षांनी. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी मलिद्याचा डबा दिला. ट्रेनमध्ये वर्धा येईस्तोवर पुरला. दोन वर्षांनी टपरीवाल्याचा फोन आला, आजी गेल्या. किल्ली आता कोणाकडे विचारलं तर म्हणाला, मुंबईहून कोणी येऊन घेऊन गेलं.

आमच्या गावात तेलीपुरा आहे, घाणी एकही नाही. चार घरांना कुलूप, पोरं पुण्याला, चाकणला, एक सुरतला. कोणीही हाकललं नाही. भांडण नव्हतं. घरं कोणी घेतली ते मलाही बरोब्बर पाठ आहे. त्यातल्या एका घरातला पोरगा माझ्यासोबत पहिलीपासून सातवीपर्यंत होता, आणि हे लिहिताना त्याच्या धाकट्या भावाचं नाव मला पाच मिनिटं आठवलं नाही.

माझ्या शाळेचा पट या वर्षी अकरा आहे. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं, यावर वर चर्चा चालू असते. आम्ही मास्तर लोक जून महिन्यात घरोघरी जाऊन मायबापाच्या हातापाया पडतो, पोट्टं इंग्रजीवाल्याच्या व्हॅनमध्ये बसवू नका म्हणून.

परवा शनिवार, सकाळची शाळा. हजेरी घेतली, नऊ. खिचडीवाल्या ताईंना विचारलं, बाकीचे दोघं काहून नाही आले? त्या म्हणाल्या, "जी, त्याईच्या मायबापानं काल सामान भरलं न. पुण्याले गेले."