शिट्टी मारणाऱ्यांची बाजू

वाशीला नुकतंच विद्यार्थ्यांचं भलंमोठं अधिवेशन झालं. विषय, तरुण आणि नेतृत्वमूल्ये. भाच्याने पाठवलेले व्हिडिओ इथे लीड्सला पोचेपर्यंत नौपाड्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडण जुंपलं होतं. भाषणं चालू असताना मुलांनी शिट्ट्या मारल्या, निम्मी दुपारीच पसार झाली, उरलेली रील काढत बसली. काकांनी निकाल देऊन टाकला: या पिढीला शिस्तच नाही, तुमच्या इंग्लंडात चालतं का असं?

चालतं की! इथल्या विद्यार्थी संघटनांच्या सभांतही पोरं कंटाळतात, फोनमध्ये डोकं घालतात. निवडणुकीत तर बहुतेक जण मत द्यायलाही फिरकत नाहीत. २०१५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या महिला परिषदेत टाळ्यांऐवजी नुसते हात हलवा, काहींना आवाजाचा त्रास होतो, अशी विनंती झाली, तर देशभर टिंगल झाली. 'आजची पोरं' हे रडगाणं इथेही जोरात असतं.

पण इथे अशा अधिवेशनाला जाणारा बहुधा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. हातात ठरावाचा मसुदा असतो. दुरुस्ती सुचवता येते, बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, मग मतदान. इथल्या १९९४ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघटनांच्या मुख्य पदांसाठी गुप्त मतदान आणलं, आणि पगारी पदावर एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त कुणी बसू नये, असंही घातलं. अनेक ठिकाणी मतपत्रिकेवर 'यातलं कुणीच नको, पुन्हा अर्ज मागवा' हाही पर्याय असतो. (हा आपल्या पक्षांना दाखवायला हवा.)

त्याच १९९४ साली महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा आला आणि कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. भीती खोटी नव्हती. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला होता. मग मार्कांवर प्रतिनिधी नेमू लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, आणि ऐनवेळी पुढे ढकललं गेलं. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीची उमेदवारामागे पाच हजारांची खर्चमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच मान्य केली होती. म्हणजे नियमांवाचून अडलंय असंही नाही.

भाच्याला विचारलं, तुम्हाला बोलायला मिळालं का? "मामा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. चिठ्ठ्या कुणी उघडल्याच नाहीत." पाहुणे उशिरा आले, मग शाल-श्रीफळ, मग वक्तशीरपणावर भाषण. शिट्टी मारणं मला आवडत नाही. पण त्या सभागृहात खालच्या माणसाचं मत वर पोचायला दुसरी वाट कोणती होती?

त्याच मुलांपैकी काही जण दिवसभर रांगा लावत होते, पाणी वाटत होते, हरवलेल्या बॅगा शोधून देत होते. त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर आला नाही.

काकांची आयोजकांपैकी दोघांशी ओळख आहे. म्हणून लिहिलं, पुढच्या वर्षी एक सत्र तरी मुलांच्या ताब्यात द्यायला सांगा: ठराव त्यांचा, अध्यक्ष त्यांच्यातला, पाहुणे खाली बसतील आणि बोलायचं असेल तर हात वर करतील.

काका म्हणाले, "मग पाहुणे येणारच नाहीत."

नाही आले तर मुलांना तेवढा वेळ जास्त मिळेल.