‘आत टाका, सुधारतील’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘सिएटलमध्ये पोलीस गर्दुल्ल्यांना पकडत नाहीत, उलट घर देतात. विकणारेही मोकाट. शहराची वाट लागली. सहा महिने आत टाका, नशा आपोआप उतरते. आपल्याकडे असले लाड नाहीत!’ हा मेसेज आत्याने पाठवला. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तिच्या शेजारच्या काकूंचा मुलगा ब्राउन शुगरवर (म्हणजे भेसळीच्या हेरॉइनवर) आहे, आणि हे वाचून त्या विचारताहेत, ‘पोरालाच पोलिसांत देऊ का?’

म्हणून आधी तुरुंगाचं बघू. सिएटल हे शहर अमेरिकेच्या ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनच्याच तुरुंगांतून १९९९ ते २००३ मध्ये सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२.७ पट होता. नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा? १२९ पट! कारण सरळ आहे. आत असताना शरीराची सवय मोडते, ओढ मोडत नाही. बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो, तो आता झेपत नाही, श्वास मंदावत जातो आणि बंद पडतो. ‘नशा आपोआप उतरते’ म्हणे! मेसेज लिहिणाऱ्याला काय, काकूंना पोरगा एकच आहे.

‘पकडत नाहीत’ हेही सरसकट खरं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सिएटलच्या बेलटाउन भागात ‘लीड’ ही व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी मदतीकडे वळवणारी योजना सुरू झाली. तिच्या मूळ आराखड्यात पोलीस पकडायचाच. फक्त कोठडी-कोर्टाऐवजी माणसाला केस मॅनेजरच्या, म्हणजे त्याच्या उपचार-निवाऱ्याचा पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या, हवाली करायचा. तीस दिवसांत सविस्तर मुलाखत पूर्ण केली नाही, तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जायचं. घर ‘देतात’ नव्हे, शोधायला मदत करतात.

विकणारे? स्वतःच्या डोसपुरतं किरकोळ विकणारा योजनेत बसतो, हे मान्य. धंदा करून कमावणारा बसत नाही.

शहराची वाट? सिएटलच्या थर्ड अव्हेन्यू रस्त्यावर भर दिवसा लोक फॉइलवर फेंटानिल (हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल कृत्रिम अमली पदार्थ) ओढताना दिसतात, तेही नाकारत नाही. पण त्यामागे फेंटानिल आहे, अमली पदार्थ बाळगणं गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा रद्द करणारा २०२१ चा कोर्टाचा निकाल आहे, घरभाडी आहेत. लीड त्याच्या दहा वर्षं आधीची. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाहणीत लीडमधल्यांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं. सगळ्यांचं व्यसन सुटलं, असं मात्र ती पाहणी म्हणत नाही.

राहिले आपल्याकडचे ‘लाड’. एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ वाचा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (हेरॉइन असेल तर ५ ग्रॅमपर्यंत) गुन्हा असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर ही सूट काढून घेता येते. वकिलाकडे गेलात तर कलमाचा नंबर तुम्हीच सांगा, समोरून कोणी सांगेल याची वाट बघू नका.