जोडीदार: लागू नाही

लग्न न झालेला माणूस मोठ्या राजकीय पदावर निवडून येऊ शकतो का, या प्रश्नाचा मी स्वतःहून कधी विचार केला नसता. तो मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चार माणसांचे रूप घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसला. ती एका पक्षाची माणसे होती आणि येत्या विधानसभेसाठी शिकलेला, स्वच्छ, लोकांच्या ओळखीचा उमेदवार शोधत होती. मी गेली वीस वर्षे गोव्यात फोंड्याला वकिली करते, कुळांच्या आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांच्या दाव्यांमुळे वाड्यावाड्यावरची माणसे मला नावाने हाक मारतात, आणि निवडणूक लढवावी असे मनात कुठेतरी होतेही. त्यामुळे मी गांभीर्याने ऐकू लागले. आईने हरखून मानकुराद आंबे कापले. चौघांतल्या पुढाऱ्यांनी फोडी संपवून बाठा हातात घेतला, तो शेवटच्या धाग्यापर्यंत चोखला, कोपरापर्यंत ओघळलेला रस आईने दिलेल्या टॉवेलाला पुसला आणि मग म्हणाले, "बाये, सगळें बरें आसा. पूण तुज्या घरांत कोण आसा?"

माझ्या घरात आई आहे, भाऊ आहे, वहिनी आहे, दोन भाचे आहेत आणि एक मांजर आहे. पण त्यांना काय विचारायचे होते ते मला कळले, आणि मला कळले आहे हे त्यांनाही कळले. त्या बाठ्याला स्मरून, आमदारकीची स्वप्ने पाहणाऱ्या माझ्या तमाम अविवाहित बांधवांसाठी आणि विशेषतः भगिनींसाठी, काही उपयुक्त सूचना येथे लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी राज्यघटना वाचणे सोडून द्या. तिच्या कलम १७३ मध्ये आमदार होणाऱ्याचे नागरिकत्व पाहिले जाते आणि वय पंचवीस असावे लागते. कलम ५८ मध्ये राष्ट्रपती होणाऱ्याचे वय पस्तीस असावे लागते. लग्नाची चौकशी दोन्हीकडे नाही. एवढा मोठा ग्रंथ लिहिताना घटना समितीतल्या विद्वानांच्या हातून हा मुद्दा निसटला असावा, आणि तो भरून काढण्याचे राष्ट्रकार्य आता आमच्या तालुक्यातल्या मंडळींनी लोकांच्या सोप्यांवर बसून, आंबे खात खात हाती घेतले आहे.

उमेदवारी अर्जासोबत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, जोडीदाराचा रकाना मात्र आहे. तो कोरा सोडू नका. रकाने कोरे ठेवणाऱ्याचा आणि सांगूनही ते न भरणाऱ्याचा अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे. म्हणून तेथे सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' असे लिहावे. खरे तर या कागदावर आपल्यासारख्यांचे काम सोपे असते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या कृपेने नवराबायकोची मालमत्ता सहसा समाईक असते आणि प्राप्तिकर खातेही पगार वगळता त्यांचे बाकीचे उत्पन्न निम्मे निम्मे धरते, त्यामुळे विवाहित उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात शिरलेला माणूस बाहेर पडेपर्यंत निकाल लागलेला असतो. आपल्या कागदावर मात्र जे आहे ते एकाच नावावर आहे. हा आपला गुण आहे असे तुम्हाला वाटले असेल, तर तुम्हाला राजकारण कळत नाही. ज्याच्याकडे लपवायला दुसरे नाव नाही त्याच्याकडे लपवण्याजोगे काही नसणार, आणि ज्याच्याकडे लपवण्याजोगे काही नाही तो निवडणुकीत खर्च कशातून करणार, असा मतदाराचा सरळ हिशेब असतो. रकाना अगदीच ओकाबोका दिसत असेल, तर प्रभू रामचंद्रांचा आदर्श समोर ठेवावा. अश्वमेधाला शेजारी पत्नी हवी म्हणून त्यांनी सोन्याची सीता बसवली होती. तुम्हीही बसवा, तिचे वजन दागिन्यांच्या रकान्यात ग्रॅममध्ये दाखवायला तेवढे विसरू नका.

फलकावरच्या छायाचित्रात एकटे उभे राहू नका. काही नाही तर एखादे वासरू तरी जवळ धरा.

तुम्ही पुरुष असाल, तर हा लेख येथेच बंद केलात तरी चालेल. अटलबिहारी वाजपेयी तीनदा पंतप्रधान झाले, अब्दुल कलाम २००२ साली राष्ट्रपती झाले, नवीन पटनायक ओडिशात २००० पासून २०२४ पर्यंत सलग मुख्यमंत्री राहिले, आणि त्यांपैकी एकाच्याही घरी जाऊन कोणी बाठा चोखत प्रश्न विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. 'सावधान' हा शब्द कानी पडताच भर मंडपातून पळालेल्या मुलाला आपण समर्थ म्हणतो आणि त्यांचे श्लोक मुलांकडून पाठ करून घेतो. माझ्या बाबतीत तर लग्नाचा मंडपच पडला नाही, त्यामुळे मला पळण्याची संधीही मिळाली नाही. पुरुषाने लग्न केले नाही की तो देशाला वाहून घेतलेला असतो, आणि बाईने केले नाही की तिचे कुठे जमलेले नसते. परदेशी उदाहरणे हवी असतील, तर अमेरिकेने १८५६ साली जेम्स ब्युकॅनन या आजन्म अविवाहित गृहस्थांना राष्ट्राध्यक्ष निवडले होते. ग्रोव्हर क्लीव्हलंड १८८४ साली अविवाहित म्हणून निवडून आले आणि १८८६ साली त्यांनी थेट व्हाइट हाउसमध्येच लग्न उरकले. आधी खुर्ची आणि मग बोहला, हा क्रम आमच्या आईलाही पटण्यासारखा आहे. ही सगळी पुरुषांची उदाहरणे आहेत, हे सांगायला नकोच.

तुम्ही बाई असाल, तर आधी एखादे नाते मिळवा. मायावती चार वेळा उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या, त्या 'बहनजी' म्हणून; जयललिता तमिळनाडूच्या 'अम्मा' झाल्या; ममता बॅनर्जींनी २०११ साली बंगालमधली डाव्यांची चौतीस वर्षांची सत्ता उलथवली, ती 'दीदी' म्हणून. तिघींनीही लग्न केले नाही आणि तिघींनाही लोकांनी घरातले एक नाते लावल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. गोव्यालाही आजवर एकच महिला मुख्यमंत्री लाभली, १९७३ साली, आणि शशिकला काकोडकर 'ताई' झाल्या, त्या 'भाऊं'च्या, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या, कन्या म्हणून. त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. पण भाऊ नसते तर ताईंना ती दाखवण्याची संधी मिळाली असती का, याबद्दल आहे. सेहेचाळीस वर्षांच्या अविवाहित वकिलिणीसाठी मात्र आमच्या तालुक्यात 'बाय' याखेरीज शब्द सापडत नाही, आणि हाच शब्द शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीसाठीही वापरला जातो.

आता वहिनी, म्हणजे 'भाऊ' म्हणवणाऱ्या उमेदवाराची बायको. गोव्यात उमेदवार दुय्यम असतो. खरी निवडणूक वहिनी लढवते. मयताच्या घरी तिसऱ्या दिवशी वहिनी जाते, बारशाला चांदीचा वाळा वहिनी देते, मुलाच्या नोकरीचा अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला स्वयंपाकघराच्या दारात बसवून चहा वहिनी पाजते, आणि हळदीकुंकू तर वहिनीवाचून होऊच शकत नाही. येथल्या मतदारयाद्यांत पुरुषांपेक्षा बायका अधिक आहेत, म्हणून हळदीकुंकवाला आता सणवार लागत नाही, निवडणुकीचे वर्ष पुरते. देवळाच्या मंडपात शेकडो खुर्च्या मांडतात, व्यासपीठावरून भाऊ दोन शब्द बोलतात, आणि वाण म्हणून जो स्टीलचा डबा मिळतो, त्याच्या झाकणावर भाऊ आणि वहिनी हात जोडून उभे असतात. अशा एका कार्यक्रमाला मी गेले होते. माझ्या ओळीतल्या बायकांना हळदकुंकू लावत येणारी मुलगी माझ्यापाशी आली, तिने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिले, हात तसाच हवेत धरून मागे वळून कोणाला तरी हळूच विचारले, "हिका लांवपाचें मगे?", आणि उत्तर येईपर्यंत करंडा माझ्या कपाळासमोर थांबून राहिला. ज्या बाईच्या शेताचा दावा मी पाच वर्षे मामलेदाराच्या कचेरीत लढले, ती शेजारच्याच खुर्चीवर पर्स उघडून सुटे पैसे मोजू लागली. मी अविवाहित आहे. नवरा वारलेल्या ज्या दोघी मागच्या ओळीत बसल्या होत्या, त्यांच्यापर्यंत ती मुलगी गेलीच नाही. डबा मात्र आम्हा तिघींनाही मिळाला, कारण मत प्रत्येकीला एक आहे आणि ते देताना बोटाला शाई लावायच्या आधी कोणी गळा पाहत नाही. आणि याच मंडपातून बाहेर पडताना बायका मला म्हणतात की, तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांनी राजकारणात यायला हवे! यायला हवे म्हणजे कोठून यायला हवे? सोप्यावरून आत घेत नाहीत, मंडपात कुंकू लावताना हात थांबतो, आणि तिकिटाच्या यादीत नाव घालायचे तर कंसात कोणाची तरी पत्नी असे लिहावे लागते!

माझा आवाज चढला, क्षमस्व. सल्ले द्यायला बसलेल्या माणसाने शांत राहावे.

अविवाहित माणूस बेभरवशाचा असतो, त्याला बांधून ठेवणारे काही नसते, असे चौघांतले दुसरे गृहस्थ मला समजावून सांगत होते, त्यामुळे भरवशाची माणसे कशी असतात तेही पाहून ठेवा. २०२२ च्या जानेवारीत एका पक्षाच्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली गेली होती. मतदान १४ फेब्रुवारीला, म्हणजे नेमके प्रेमाच्या दिवशी झाले. १४ सप्टेंबरला, बरोबर सात महिन्यांनी, त्या पक्षाच्या ११ आमदारांपैकी ८ जण पलीकडे गेले आणि त्यांत एक जोडपेही होते. संसारात मुरलेली, सप्तपदीचा किंवा वेदीसमोरच्या वचनाचा अनुभव पाठीशी असलेली ही माणसे होती. आम्हा बिनलग्नाच्या लोकांना तर वचन मोडण्याचाही सराव नाही.

त्याच निवडणुकीत चाळीस जागांवर तीन महिला निवडून आल्या, आणि त्या तिघींचेही पती त्याच सभागृहात, त्याच निवडणुकीत निवडून आलेले आमदार आहेत. लोकांनी मते दिली, त्या आल्या, माझे त्यांच्याशी काही भांडण नाही. पण २०२३ साली महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती झाली आहे, ते आरक्षण प्रत्यक्षात येईल तेव्हा आजच्या हिशेबाने चाळीसपैकी तेरा-चौदा जागा महिलांच्या होतील, आणि त्या जागा कोणत्या घरांतून भरायच्या याची चाचपणी कशी चालते, हे मी त्या रविवारी समोर बसून पाहिले.

कारण बशा उचलायला माझी वहिनी बाहेर आली. पुढाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे पाहिले, ज्याची कंत्राटे चालतात आणि ज्याच्याकडे दोन टिपर आहेत, आणि त्यांचा चेहरा उजळला. "वैनी कित्याक न्हय?" असे त्यांनी तिला नव्हे, भावाला विचारले. वहिनी बशांचा ढीग पोटाशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाका राजकारणांतलें कांयच कळना." त्यावर चौघेही प्रेमळपणे हसले आणि एक जण म्हणाला, "तुवें फकत उबें रावपाचें. हेर सगळें भाऊ पळयतलो." म्हणजे तू फक्त उभे राहायचे, बाकीचे सगळे भाऊ पाहील. नमुना २६ मधला जोडीदाराचा रकाना कशासाठी आहे, हे मला वीस वर्षांच्या वकिलीनंतर तेव्हा समजले.

आता सल्ले पुरे. हे त्या चौघांना नाही, तुम्हाला सांगते आहे, कारण ते चौघे तुमचीच मते मोजून आले होते. बिनलग्नाची बाई चालत नाही असे त्यांनी ठरवलेले नाही, ते तुम्ही ठरवले आहे. ते फक्त हिशेब ठेवतात. तुमच्या गावातला डोंगर नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली बांधकामासाठी रूपांतरित झाला तेव्हा आमदाराला तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. म्हादई नदीच्या पाण्याचे काय झाले, हेही विचारले नाहीत. ज्याने तुमचे मत घेऊन सात महिन्यांत पक्ष बदलला, त्याच्या मुलीच्या लग्नात रांगेत उभे राहून तुम्ही पाकीट दिलेत. आणि माझ्या दारात येऊन तुम्हाला विचारावेसे वाटले ते एवढेच, की रात्री माझ्या घरात कोण असते! लाज वाटू द्या. नळाला पाणी आले नाही तर मामलेदाराला फोन करणारी बाई हवी की वाणाचा डबा वाटणारी, हे तुम्हाला खरोखर कळत नाही असे नाही. तुम्हाला डबा हवा आहे. घ्या. पण मग पाच वर्षे माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसू नका आणि आमदार फोन उचलत नाही म्हणून रडू नका. भाऊंचा फोन वहिनीकडे असतो आणि वहिनीला राजकारणातले काही कळत नाही, हे तिने त्याच दिवशी सांगितले होते.

येत्या रविवारी ती माणसे भावाचे उत्तर घ्यायला पुन्हा येणार आहेत. वहिनीने उरलेल्या मानकुरादांची साठे, म्हणजे आंबापोळ्या, घातली आणि बरण्या वरच्या फळीवर ठेवल्या. त्या दिवशी चहा करायचा की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.