गाणं चालू असताना जरा गप्प बसा की!

डोकं फिरवून टाकलंय ह्या फिगर स्केटिंगच्या कॉमेंट्रीवाल्यांनी. युरोपात स्पर्धा असली की आपल्याकडं शेवटचा ग्रुप यायला मध्यरात्र उलटते, सकाळी ड्युटी आहे, घरातले ओरडतात, तरी आवाज बारीक करून बसायचं आणि ऐकायचं काय, तर ह्या पोरीची आई तिला पहाटे रिंकवर कशी सोडायची आणि गेल्या वर्षी तिचा पाय कसा दुखावला. अरे बाबा, ती आत्ता समोर उडी मारायला लागलीय ती बघ की! कुठली उडी ते सांग की! उडी झाली की 'वाव', पडली की 'ओ नो'. पडलेली आम्हाला पण दिसते, त्यासाठी तुला माईक कशाला दिलाय? मंगलाष्टका चालू असताना माईकवर कुणीतरी गेटातली पांढरी गाडी काढा म्हणून ओरडावं, तसं चालतं ह्यांचं गाण्यावर.

बेळगावात चाकाच्या स्केटिंगचं वेड किती आहे ते सांगायला नको. माझी भाची त्यातलं आर्टिस्टिक, म्हणजे उड्या-गिरक्यांचं स्केटिंग करते, बर्फावर कधी पाय ठेवला नाही, पण उड्या त्याच की, अ‍ॅक्सल, साल्कोव, लुट्झ सगळ्या. ती विचारते, "मामा, लुट्झ होता की फ्लिप? हे काय बोलूलालेत?" काय सांगू मी तिला? दोन्हीत मागं सरकत येऊन टो पिक, म्हणजे पात्याच्या पुढचे दात, बर्फात मारून उडायचं, फरक फक्त पायाखालच्या पात्याच्या कडेचा, लुट्झला बाहेरची, फ्लिपला आतली. चुकीच्या कडेवरनं गेली तर मार्क कापतात. म्हणजे पाय दिसायला हवा ना! आणि कॅमेरावाला नेमका त्याच वेळी चेहऱ्यावर झूम करतो, आम्हाला दिसतात कानातले.

खरी तिडीक जाते ती स्कोअर आल्यावर. पोरगं पडलं नाही, लँडिंग दिसायला बरं होतं, मार्क कमी आले, की हे दोघं सुरू, जज आज फार कडक आहेत म्हणून. जजचा काय संबंध तिथं? उडी पूर्ण फिरली का नाही ते टेक्निकल पॅनेल रिप्ले बघून ठरवतं, पाव फेरीपेक्षा जास्त पण अर्ध्या फेरीच्या आत कमी पडली की उडीच्या मूळ किमतीच्या 80 टक्केच हातात येतात, जज त्यावर उणे 5 ते अधिक 5 अशी ग्रेड देतात. 2002 ला सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये जजिंगचा एवढा तमाशा झाला, त्यानंतर 6.0 पैकी मार्क द्यायची जुनी पद्धत मोडीत काढली, ती संशयाला जागा राहू नये म्हणूनच ना? आणि माईकवर बसून तुम्हीच परत संशय पेरताय. स्लो मोशनमध्ये पाय दाखवतात, तेव्हा तरी बघा! नाही, तेव्हा ड्रेसवर बोलायचं असतं.

2022 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यूनं क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांच्या वर्गातला, अ‍ॅक्सल टाकला, पडला, चौथा आला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या इलिया मालिनिननं तीच उडी उतरवून दाखवली. ती एवढी अवघड का, तर अ‍ॅक्सलला पुढं तोंड करून उडायचं आणि मागं तोंड करून उतरायचं, म्हणून अर्धी फेरी जास्त, चारच्या जागी साडेचार. संपलं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागत नाही.

आणि जमत नाही असं पण नाही. डिक बटन स्वतः 1948 आणि 1952 चा ऑलिम्पिक चॅम्पियन, अमेरिकन टीव्हीवर बसून तोंडावर चुका काढायचा. ज्युनियर ग्रां प्रीला, म्हणजे लहान वयाच्या स्केटर्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना, टेड बार्टननं केलेली कॉमेंट्री ऐका यूट्यूबवर, पोरांनी काय केलं आणि काय चुकलं ते शांतपणे सांगितलंय.

त्यात चॅनलवाले. पोरगी कोचचा हात धरून मार्कांची वाट बघत बसलीय, इथं आमच्या छातीत धडधड, आणि बरोबर तिथंच सिमेंटची जाहिरात. परत येईपर्यंत पुढची स्केटर बर्फावर. मार्क शोधायचे मोबाईलवर. मग दर महिन्याला रिचार्जचे पैसे कशाचे घेता रे?