ती जागा रिकामी नसते

आज नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका व्यापारी संकुलात काही तरुण मुले-मुली पत्रके वाटत होती. कुणी व्हीलचेअरवर होते, कुणी कुबड्या घेऊन, तर एक मुलगा पांढरी काठी घेऊन उभा होता. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावणाऱ्याला थांबवून ते एवढेच सांगत होते, "काका, ही जागा आम्हाला लागते." एका गृहस्थांनी पत्रक चुरगाळून टाकले आणि म्हणाले, "काऊन एवढं मनावर घेता बेटा, दोन मिनिटांत हलवतो ना गाडी." तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

ही दोन मिनिटे मला चांगली ठाऊक आहेत. माझी भाची मणक्याच्या दुखापतीनंतर हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवायची गाडी स्वतः चालवते. गेल्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या एका रुग्णालयातून आम्ही बाहेर आलो, तर तिच्या गाडीच्या दारालगत पट्ट्या आखून मोकळ्या ठेवलेल्या जागेत कुणीतरी हँडल लॉक करून दुचाकी लावून गेले होते. त्यामुळे तिला स्वतःच्याच गाडीत बसता येईना.

ज्यांना या पट्ट्या म्हणजे वाया गेलेली जागा वाटते, त्यांच्यासाठी सांगते. दार पूर्ण उघडावे लागते, व्हीलचेअर आसनाला तिरकी भिडवावी लागते, मध्ये गुळगुळीत फळी टाकून हातांच्या जोरावर अंग सरकवावे लागते आणि मग खुर्ची घडी करून आत ओढावी लागते. म्हणूनच केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत गाडी लावायच्या या राखीव जागेची एकूण रुंदी 3.6 मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर जास्तीत जास्त 30 मीटर सांगितले आहे. त्या रुंदीतच तिचे दार उघडते. तिथे दुचाकी लावणे म्हणजे तिच्या दाराला बाहेरून कडी घालणे होय.

आणि ते ऊन! नागपूरचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! व्हीलचेअरच्या चाकांची धातूची कडी इतकी तापली होती की तिला हात लावता येईना. वरच्या मणक्याला इजा झाली, की त्याखालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि शरीराचे तापमान भराभर चढते. मी ओढणी भिजवून तिच्या मानेवर ठेवत होते, आणि सुरक्षारक्षक म्हणत होता, "ताई, मी कुणाला काय बोलू?" त्याचेही खरेच होते, कारण त्याला तो अधिकार कुणी दिलेलाच नव्हता.

मान्य आहे, सीताबर्डी असो की सदर, गाडी लावायला जागा मिळत नाही. हेही मान्य, की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांतले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे चालत उतरणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहू नये. पण चुरगाळलेल्या पत्रकाला यातले कोणतेच कारण नव्हते.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले, की सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावे यासाठीची, मानके नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यांतला किमान भाग बंधनकारकच हवा. तरीही रविवारची सकाळ खर्च करून, अनोळखी माणसांचे टोमणे ऐकत ही मुलेच पहारा देतात. त्यांनी अभ्यास करावा, सिनेमा पाहावा, फुटाळ्यावर जाऊन गप्पा माराव्यात. हे काम व्यवस्थापनाचे आहे, वाहतूक पोलिसांचे आहे, आणि आपले तर आहेच.

त्या दिवशी दुचाकीवाले गृहस्थ आले, तेव्हा भाची त्यांच्यावर ओरडली नाही. तिने त्यांना थांबवून घेतले आणि आपण गाडीत कसे बसतो, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवले. ते काही न बोलता पाहत राहिले आणि जाताना त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवायला हात लावला. मला तेव्हा तिचा राग आला होता, इतके सौम्य का वागावे म्हणून. आज त्या मुलांना तितक्याच शांतपणे बोलताना पाहिले आणि डोळे भरून आले.

माझ्या मित्रयादीतले बरेच जण सोसायट्यांच्या, मंगल कार्यालयांच्या, शाळांच्या समित्यांवर आहेत. आपल्याकडच्या राखीव जागेत जनरेटर किंवा कुंड्या ठेवलेल्या नाहीत ना, तिथून रॅम्पच्या उतारापर्यंत व्हीलचेअर जाते का, आणि गाडी हटवायला सांगण्याचा लेखी अधिकार रक्षकाला दिला आहे का, एवढे उद्याच पाहा. येत्या रविवारी मी त्या मुलांबरोबर पत्रके वाटायला उभी राहणार आहे. ज्यांना यायचे असेल, त्यांनी मला निरोप पाठवावा.