हिरव्या गाडीवरचे प्रेम आणि लिमरस्ट्रासेचे उंच फलाट

आज सकाळी एका परिचितांनी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जुन्या हिरव्या ट्रामचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले की, लिंडेन भागातल्या लिमरस्ट्रासे या रस्त्यावर ट्रामसाठी उंच फलाट बांधून रस्त्याचा जीव घेण्यापेक्षा पायऱ्यांची जुनी गाडीच बरी. त्यावर आपल्यातल्याही अनेकांनी बदाम दिले. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या गाडीवर माझेही मनापासून प्रेम आहे. टीडब्ल्यू 6000 या मालिकेच्या 260 गाड्या 1974 ते 1993 या काळात या शहरासाठी बांधल्या गेल्या. तीन भागांची, आठ आसांवर चालणारी, 28 मीटर लांब अशी ही गाडी वळणावर सांध्यांतून वाकते, तेव्हा मला आजही थांबून पाहावेसे वाटते. तिचे रूप हेर्बर्ट लिंडिंगर यांनी घडवले आणि त्या झगझगीत हिरव्या रंगाने राखाडी हिवाळ्यातही शहराला ओळख दिली. 1975 मध्ये इथे पहिला भुयारी मार्ग सुरू झाला, तेव्हा भुयारात उंच फलाट होते आणि वर रस्त्यावरचे थांबे मात्र जमिनीलगतच होते. एकाच गाडीला दोन्हीकडे चालता यावे म्हणून तिच्या दारांत घडीच्या पायऱ्या बसवल्या. भुयारात त्या वर राहून डब्याच्या तळाशी एक होतात आणि गाडी रस्त्यावर आली की खाली उतरतात. ही फार हुशारीची योजना होती. पण ती संक्रमणकाळाची योजना होती, आणि तो काळ पन्नास वर्षे संपला नाही, याचे कोणालाच काही वाटत नाही.

माझे बाबा सातारकडे एसटीत वाहक होते. उभे आयुष्य त्यांनी लोकांना हात देऊन गाडीत चढवले. ते इथे आले तेव्हा मुख्य रेल्वे स्थानकाखालच्या फलाटावरून याच हिरव्या गाडीत सहज चढले, खिडकीच्या काचेवर हात ठेवून म्हणाले, "गाडी बांधेसूद आहे हो." दुसऱ्या दिवशी लिंडेनमध्ये रस्त्यावरच्या थांब्यावर तीच गाडी आली, दार उघडले, पायऱ्या खाली आल्या, आणि गुडघ्याने दगा दिलेले माझे बाबा दांडी धरून तिथेच उभे राहिले. गाडीचा तळ रस्त्यापासून 90 सेंटिमीटरांहून उंच आहे. मागच्या एका तरुणाने अगदी आदबीने हात पुढे केला. बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "ही जाऊ दे, आपण चालत जाऊ." पुढच्या गाडीसाठीही त्यांनी थांबू दिले नाही. आम्ही घरापर्यंत चाललो आणि वाटेत ते एसटीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत मी कधी पाहिले नव्हते.

तेव्हा रस्त्याच्या जिवाबद्दल मला कोणी सांगू नये. ज्यांना चढता येत नाही, ते त्या रस्त्यावर दिसतच नाहीत, म्हणून तो तुम्हाला इतका मोकळा आणि प्रसन्न वाटतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तर कोणी हात देऊनही उपयोग नाही. सार्वजनिक वाहतूक अडथळामुक्त करण्यासाठी जर्मनीच्या कायद्याने 1 जानेवारी 2022 ही तारीख ठरवली होती. ती केव्हाच उलटून गेली, आणि आपण अजून फलाटाच्या उताराने दुकानाचे तोंड झाकले जाईल का, यावर भांडतो आहोत.

उंच फलाट अवजड दिसतात आणि अरुंद रस्त्यात जागा खातात, हे खरे आहे. ठीक आहे, ते अधिक चांगले बांधा.

पण जुन्या गाडीचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. नव्या टीडब्ल्यू 3000 गाड्यांना पायऱ्याच नाहीत. त्यामुळे जिथे फलाट नाही, तिथे त्या थांबू शकत नाहीत, आणि फलाट नाकारणे म्हणजे बाबांसमोर आलेल्या त्याच पायऱ्या पुढची कित्येक वर्षे मागून घेणे होय. 2001 पासून जुन्या हिरव्या मालिकेतल्या पुष्कळ गाड्या बुडापेस्टला गेल्या. तिथल्या रस्त्यांवर आज कोणाचे तरी आईवडील हीच चढण चढत असतील, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटते.

हे लिहिताना सकाळचा राग थोडा निवळला आहे. छायाचित्र टाकणाऱ्या परिचितांचे मन वाईट नाही. लहानपणी शाळेत नेणारी गाडी कोणालाही प्रियच असणार. तिच्यासाठी वेमिंगेनचे ट्राम संग्रहालय आहे. तिथे ती हिरवी, चकचकीत, पायऱ्यांसकट जपावी, मी स्वतः तिकीट काढून जाईन. पण लिंडेनच्या प्रभाग परिषदेत हा विषय पुन्हा येईल, तेव्हा प्रेक्षकांत मी बसणार आहे आणि बोलायची संधी मिळाली तर बोलणार आहे. तुमच्यापैकी जे तिथे राहतात, त्यांनीही यावे, आणि घरी कोणाचे आईवडील आलेले असतील तर त्यांनाही सोबत आणावे.